लॉन पिवळं पडलंय? आधी एक कोपरा उचलून बघा

वाचकाचं पत्र

आम्ही आर. के. नगरच्या पुढे, पाचगावच्या बाजूला नवीन घर बांधलं. अक्षय तृतीयेला गृहप्रवेश केला. त्याच्या आठवडाभर आधी घरासमोरच्या ६०० चौरस फुटांत मेक्सिकन गवताच्या लाद्या बसवून घेतल्या. खाली मुरूम आहे. कंत्राटदारानं त्यावर तांबड्या मातीची एक ट्रॉली पसरली आणि त्याच दिवशी लाद्या टाकून तो गेला. पहिले आठ-दहा दिवस सगळं हिरवंगार होतं. आता तीन आठवडे झालेत आणि पेव्हिंग ब्लॉकच्या कडेनं, लाद्यांच्या सांध्यांमधून पिवळं पडत चाललंय. गेटजवळच्या सखल कोपऱ्यातही पिवळं पडलंय. भिंतीकडेची पट्टी तर कधी नीट हिरवी झालीच नाही. कंत्राटदार फोनवर सांगतो, दिवसातून चार वेळा पाणी मारा आणि युरिया फेका. दीर म्हणतात, साखर कारखान्याची मळी (उसाचा रस गाळून उरणारा गाळ) आणून पसरू. शेजारच्या काकू म्हणतात, पाणी जास्त झालंय, बंद करा. मे महिन्याच्या शेवटी नातवाचं जावळ आहे. लॉनवर मांडव घालून दीडशे माणसांची पंगत बसवायची असं घरात ठरलंय. कंत्राटदाराचे थोडे पैसे द्यायचे राहिलेत, तेही तो मागतोय. काय करू?

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. कडेला पिवळं पडतंय आणि सखल कोपऱ्यातही पिवळं पडतंय. तापलेली कड आणि पाणी साचणारा कोपरा एकाच कारणानं पिवळे पडत नाहीत. कडेचं गवत तहानलेलं आहे, गेटजवळचं गुदमरलेलं आहे. कंत्राटदाराचं म्हणणं कडेपुरतं थोडं बरोबर आहे, काकूंचं गेटपुरतं बरोबर आहे. पण दोघांपैकी एकाचं ऐकून सगळ्या लॉनला एकच उपाय केलात, तर अर्धं लॉन हातचं जाईल.

म्हणून पाण्याचा पाईप उचलायच्या आधी खाली काय चाललंय ते बघा. कडेची एक, मधली एक आणि गेटजवळची एक अशा तीन लाद्या निवडा. प्रत्येकीचा एक कोपरा दोन्ही हातांनी हळूच वर घ्या. खालून ओढ लागली, पांढरी बारीक मुळं ताणलेली दिसली, तर ती लादी जमिनीला लागली आहे. लगेच कोपरा खाली ठेवा, पायानं दाबा आणि तिला पुन्हा हात लावू नका. लादी अलगद सुटून आली, खालची माती कोरडी, भुसभुशीत निघाली आणि मुळं लादीच्या आतच गोल फिरलेली दिसली, तर पाणी खालपर्यंत पोचतच नाही. आणि लादी सुटून आली, पण खाली चिखल आहे, मुळं तपकिरी होऊन बोटांत घेतली की साल सुटतंय, गटारासारखा वास येतोय, तर तिथं हवा संपली आहे. माझा अंदाज आहे की कडेला तुम्हाला दुसरी अवस्था दिसेल, गेटजवळ तिसरी आणि मधे बऱ्याच ठिकाणी पहिली. मधली जागा लागली असेल तर तुमचं लॉन वाचलेलं आहे, एवढं नक्की समजा.

पानावरूनही फरक कळतो. तहानलेलं गवत आधी निळसर-राखाडी दिसतं, पान लांबीला मिटतं, त्यावरून चाललं की पावलाचा ठसा बराच वेळ तसाच राहतो. मग ते वाळलेल्या काडीच्या रंगावर जातं. गुदमरलेलं गवत मऊ राहून पिवळं होतं आणि बुडाशी काळपट पडतं.

नर्सरीत लादी कापताना गवताची बरीचशी मुळं तिथल्या जमिनीतच राहतात. तुमच्याकडे आलं ते हिरवं पान आणि जेमतेम इंचभर मातीत उरलेली मुळं. पहिले आठ-दहा दिवस ते हिरवं दिसलं ते आधीच्या शिदोरीवर. भाताची लावण केल्यावर रोप काही दिवस पिवळं पडतं आणि मुळं धरल्यावर उभं राहतं, हे आपल्याकडे शेताच्या बांधावर वाढलेल्या कुणालाही माहीत आहे. इथंही तेच चाललंय. फरक इतकाच की भाताला आषाढाचा पाऊस असतो आणि तुमच्या लॉनला वैशाखाचं ऊन मिळालंय. त्यामुळे पुढचे तीन-चार आठवडे तुम्ही जे काही कराल, ते मुळं खाली जावीत यासाठी करा. वरचा हिरवेपणा त्याच्या मागून येतो.

आता मातीबद्दल. ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण एक ब्रास धरली तर १०० घनफूट माती झाली. ती ६०० चौरस फुटांवर पसरली की थर होतो २ इंचांचा. लॉनला कमीत कमी ६ इंच, जमल्यास ८-९ इंच चांगली माती लागते. तुमच्याकडे २ इंच माती आणि लादीबरोबर आलेली इंचभर माती, त्याखाली सरळ मुरूम. मुरमातून पाणी भराभर निघून जातं, फक्त जिथं बांधकामाच्या वेळी गाड्या फिरून, सिमेंटचं पाणी मुरून तो दाबला गेलाय, तिथं ते अडतं. गेटजवळ बहुतेक हेच झालंय, कारण बांधकामाच्या काळात सगळ्या गाड्या तिथूनच येतात. हे पाया कच्चा ठेवून केलेलं काम आहे, ते मी गोड करून सांगणार नाही. पण म्हणून सगळं उखडायची आता गरज नाही. लागलेलं गवत भर उन्हाळ्यात उखडणं हे जास्त नुकसानीचं आहे. बिघडलेला भाग आत्ता दुरुस्त करायचा आणि बाकीच्याला पावसाळ्यानंतर हळूहळू माती वाढवायची.

पाण्यावर मी थोडं सविस्तर लिहिते, कारण नवी लॉनं सगळ्यात जास्त पाण्यानंच बिघडतात, कधी कमी पाण्यानं आणि बहुतेकदा चुकीच्या पद्धतीनं दिलेल्या पाण्यानं. दिवसातून तीन-चार वेळा हलकं पाणी हा सल्ला पहिल्या आठ-दहा दिवसांसाठी ठीक असतो, कारण तेव्हा लादीला स्वतःची मुळंच नसतात. तिसऱ्या आठवड्यात तेच चालू ठेवलं तर वरचा अर्धा इंच सतत ओला राहतो, मुळांना खाली जायचं कारणच उरत नाही आणि सखल जागी चिखल होतो. शेतकरी वाफसा म्हणतो ती अवस्था तुम्हाला हवी आहे. माती ओली आहे, पण मुठीत दाबून सोडली की गोळा सुटतो, हाताला चिखल लागत नाही. मुळं पाण्याइतकीच हवा घेतात आणि ती त्यांना वाफशातच मिळते.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. तुमचं लॉन साधारण ५६ चौरस मीटर. मातीचा थर चांगला जाड असता तर मी आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्या म्हटलं असतं. तुमचा थर पातळ आहे, जास्त दिलेलं पाणी मुरमात निघून जाईल. म्हणून या आठवड्यापासून रोज सकाळी एकदाच ५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे २८० लिटर द्या. आठवडाभरानं एक दिवसाआड ८ मिलिमीटर, म्हणजे ४५० लिटरच्या आसपास. हे मोजायला लॉनवर दोन-तीन ठिकाणी सपाट बुडाचे, उभ्या काठाचे डबे ठेवा, फवारा चालू करा आणि पट्टीनं मोजा. डब्यात ५ मिलिमीटर पाणी यायला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा, मग रोज मोजायची गरज नाही. पाईपाच्या तोंडावर अंगठा दाबून जोरात पाणी मारू नका. सांध्यातली माती वाहून जाते आणि लादीच्या कडा उघड्या पडतात.

वेळ सकाळची, सहा ते आठ. संध्याकाळी नाही. रात्रभर पान ओलं राहिलं आणि हवेत उकाडा असला की बुरशी धरते आणि गोल तपकिरी चट्टे पडतात. दुपारी फक्त पेव्हिंग ब्लॉकच्या कडेची हातभर पट्टी झारीनं ओली करा, तीही ऊन कडक असेल त्या दिवशी. ब्लॉक तापतात आणि शेजारच्या लादीतलं पाणी ओढून घेतात, म्हणून कड सगळ्यात आधी जाते. चांगला वळीव झाला त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाणी नाही. मे महिन्यात पिण्याचं पाणी गवतावर ओतताना मनाला लागतं, ते लागायलाच हवं. बोअरचं पाणी असेल तर ते वापरा. वॉशिंग मशीनचं साबणाचं पाणी आणि पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र नव्या लॉनवर नको. दोन्हींत क्षार जास्त असतात आणि कोवळी मुळं ते सोसत नाहीत.

सांध्यांचं काम याच आठवड्यात करा. लाद्या वाळल्या की आकसतात, मधे फट पडते, फटीतून गरम हवा आत शिरते आणि दोन्ही बाजूंच्या कडा वाळतात. चाळलेली पोयट्याची माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळा, थोडी धुतलेली वाळू घाला आणि हातानं फटी भरा. गवताचे शेंडे झाकले जाणार नाहीत इतपतच. मग हलकं पाणी. नदीकाठची गाळाची माती कुणी आणून देत असेल तर ती छान असते, पण तिच्यात लव्हाळा या चिवट तणाच्या गाठी हमखास असतात. चाळल्याशिवाय घेऊ नका.

गेटजवळचा कोपरा उचलावाच लागेल. चार दिवस तिथं पाणी बंद. मग तेवढ्या लाद्या काढून सावलीत, ओल्या पोत्याखाली ठेवा. ज्यांची मुळं पूर्ण तपकिरी झालीत त्या टाकून द्या, तेवढ्या नव्या आणा. खालचा मुरूम टिकावानं ६ इंच खोल फोडा, त्यातले सिमेंटचे गोळे, खडी, विटांचे तुकडे वेचून काढा. तीन भाग पोयट्याची माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत असं मिश्रण भरून ती जागा आजूबाजूच्या पातळीला आणा. कोपरा ६० चौरस फुटांचा असेल तर पाव ब्रास मिश्रण पुरेल. उतार घरापासून बाहेरच्या बाजूला ठेवा, दर ८ फुटांना १ इंच तरी. पाणी मारून, पायानं दाबून माती बसू द्या, मग सांधे चुकवून लाद्या बसवा आणि वरून फळी ठेवून दाबा. लादीखाली पोकळी राहिली तर मूळ हवेत लटकतं आणि वाळतं. हे काम संध्याकाळी करा आणि त्या एवढ्याच तुकड्याला पहिले आठ दिवस दोन-तीन वेळा हलकं पाणी द्या. बाकीच्या लॉनचं वेळापत्रक त्याच्यासाठी बदलू नका.

युरिया आत्ता अजिबात नको. त्यात ४६ टक्के नत्र असतं. ज्या गवताला घ्यायला मुळं नाहीत त्याच्यावर उन्हात युरिया पडला की पानं करपतात, आणि मुळं असतील तर ती सगळी ताकद पाल्याला लावतात. खत द्यायचं ते लादी घट्ट लागल्यावर, जूनच्या अखेरीस किंवा जुलैत उघडीप मिळेल तेव्हा. पहिल्या खेपेला चौरस मीटरला ५ ग्रॅम युरिया पुरे, म्हणजे सगळ्या लॉनला २८० ग्रॅम. पान कोरडं असताना एकसारखा पसरा आणि लगेच पाणी द्या. कंत्राटदारांच्या मुठीचं माप यापेक्षा फार मोठं असतं.

दिरांचा सल्ला चांगला आहे, वेळ चुकली आहे. मळी हे आपल्या भागाचं मोठं खत आहे. पण कारखान्यातून आलेली ताजी मळी कुजताना तापते, आणि नव्या लॉनवर ती पसरली तर उरलीसुरली मुळं भाजतील. दिरांना आत्ताच एक ट्रॉली आणून घराच्या मागं ढीग घालायला सांगा. मधूनमधून पाणी मारा, दोन-तीनदा खालवर करा, पावसात वरून झाका. पावसाळा संपेपर्यंत ती काळी, भुसभुशीत, वास नसलेली झाली की तुमच्या पातळ मातीला त्याच्यासारखं औषध नाही. सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये चाळून, मातीत मिसळून, अर्धा सेंटिमीटरपेक्षा जाड न होईल इतपत लॉनवर पसरा आणि झाडूनं खाली घाला. त्याआधी बागेच्या काट्यानं किंवा पहारीनं वीतभर अंतरावर ४ इंच खोल भोकं पाडलीत तर ते खत थेट मुळांशी जाईल. दरवर्षी दोनदा हे केलंत तर मातीचा थर हळूहळू वाढत जाईल.

आणखी एक पिवळेपणा ओळखून ठेवा. जुनी पानं हिरवी, कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं तर तो उसात पडतो तसला केवडा आहे. चुनखडीच्या जमिनीत किंवा सिमेंट-चुना मुरलेल्या जागी गवताला लोह घेता येत नाही. त्यावर हिराकस (फेरस सल्फेट) ५ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून संध्याकाळी हलकी फवारणी करा. एवढी एकच फवारणी संध्याकाळी चालते. फरशीवर थेंब पडू देऊ नका, तांबूस डाग जात नाहीत.

आता जावळ. ताई, पंगत लॉनवर घेऊ नका. नातवाचं पहिलं मोठं कार्य आहे, घरासमोर हिरवळीवर माणसं बसावीत असं कुणालाही वाटेल, आणि तुम्ही गवत घालून घेतलंत ते बहुधा याच दिवसासाठी. पण त्या वेळी गवताला जेमतेम पाच आठवडे झालेले असतील. मांडवाच्या वाशांना खड्डे पडतील, वर कापड आणि खाली सतरंजी आली की मेच्या उन्हात खालचं गवत उकडून निघेल, आणि दीडशे माणसांच्या पायांखाली ओली माती अशी दबेल की गेटजवळ आत्ता जे झालंय ते सगळीकडे होईल. त्यात तांबडा रस्सा सांडणार, हात धुतलेलं पाणी सांडणार. गरम तेलकट रस्सा पडला तिथलं गवत बुडापासून जातं.

पंगत गच्चीवर किंवा समोरच्या मोकळ्या जागेत घ्या, चूल तर लॉनपासून लांबच हवी. लॉनभोवती सुतळी बांधून लहान मुलांना आत जाऊ देऊ नका. फोटो लॉनच्या कडेला, ब्लॉकवर उभं राहून घेतले तरी मागं हिरवं दिसेल. घरातल्या मोठ्यांना पटवणं जड जात असेल, तर हे पत्र त्यांना वाचून दाखवा. आणि तरीही माणसं लॉनवर बसणारच असतील, तर एवढं करा. दोन दिवस आधीपासून पाणी बंद ठेवा, म्हणजे माती वाफशावर येईल आणि कमी दबेल. सतरंजी, कापड, प्लायवूड काही अंथरू नका. ऊन उतरल्यावर नुसत्या खुर्च्या, त्यांच्या पायांखाली छोट्या फळ्या, आणि दोन-तीन तासांत सगळं उचललेलं. जेवण दुसरीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी भरपूर पाणी द्या आणि मग पंधरा दिवस कुणाचाही पाय नको.

भिंतीकडेच्या पट्टीला खत-पाणी घालून उपयोग नाही. मेक्सिकन गवताला रोज निदान पाच-सहा तास ऊन लागतं आणि तिथं ते येत नसणार. ती पट्टी काढून तिथं सावलीत वाढणारी झाडं लावा. तिथल्या चांगल्या लाद्या गेटजवळ वापरता येतील.

जावळाच्या गडबडीत एका गोष्टीकडे दुर्लक्ष होईल, म्हणून ती ठळक लिहिते. हुमणी. आपल्या जिल्ह्यात ऊस आणि भुईमुगाची ही जुनी कीड आहे आणि लॉनच्या मुळांवरही ती जगते. वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की जमिनीतून तपकिरी भुंगेरे अंधार पडताना बाहेर येतात, कडुनिंब, बाभूळ, बोरीवर बसून पाला खातात आणि मऊ, ओलसर मातीत अंडी घालतात. रोज पाणी घातलेलं नवं लॉन त्यांना आवडतं. अंड्यांतून निघालेल्या अळ्या जुलैपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत मुळं कुरतडतात. गवत पावसातही पिवळं दिसायला लागतं, ओढलं की अख्खं हातात येतं आणि खाली इंग्रजी सी अक्षराच्या आकारात वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी सापडते. साळुंक्या, कावळे, बगळे एकाच जागी सारखे टोचत असतील तर तिथं उकरून बघा.

भुंगेरे आहेत तोवरच त्यांना आवरणं सोपं. वळीव झाला की पुढचे काही दिवस संध्याकाळी सात ते नऊ लॉनवरचे मोठे दिवे बंद ठेवा. लॉनपासून दूर एक दिवा लावून त्याखाली साबणाच्या पाण्याची पसरट बादली ठेवा. जवळ कडुनिंब असेल तर रात्री फांद्या हलवा, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून त्याच पाण्यात टाका. शेजारचे दोन-चार जण मिळून केलंत तर खरा फरक पडतो. कच्चं शेणखत लॉनच्या आसपासही आणू नका, त्यातून अळ्या घरी येतात. जुलैत हाताच्या पंजाएवढ्या जागेत दोन-तीन अळ्या सापडल्या, तर कृषी सेवा केंद्रात मिळणारी मेटारायझियम ही मित्रबुरशी पाकिटावरच्या प्रमाणात ओल्या मातीत द्या. अळी लहान असतानाच ती उपयोगी पडते.

लव्हाळा दिसला की खुरप्यानं वरवर कापू नका. जमिनीतल्या गाठी तुटून एकाचे चार होतात. पाणी दिल्यावर माती मऊ असताना जाड स्क्रू-ड्रायव्हर शेजारी खोचा, माती सैल करा आणि गाठीसकट उपटा. आठवड्याला एकदा, न कंटाळता. दिरांकडे उसातलं तणनाशक उरलेलं असेल तर ते या लॉनवर मुळीच नको.

मृग ७-८ जूनच्या सुमाराला लागतं. त्याआधी लॉनच्या खालच्या कडेला वीतभर रुंद चर काढून पाणी बाहेर जायची वाट करा. पाऊस लागल्यावर पाणी देणं पूर्ण थांबवा. सलग पावसात लॉनवर चालू नका. गांडुळांनी वर टाकलेल्या मातीच्या ढिगल्या दिसतील, त्या चांगल्या आहेत, सुकल्यावर झाडूनं पसरा. पहिली कापणी लाद्या ओढून बघितल्यावर, सगळ्या घट्ट असतील तरच. गवत २ इंचांच्या वर गेलं की उघडीप बघून, पान कोरडं असताना, धारदार पात्यानं वरचा एक तृतीयांश भाग कापा. मेक्सिकन गवत सावकाश वाढतं, पण वेळेवर कापलं नाही तर त्याचे गुबगुबीत उंचवटे होतात आणि ते आतून वाळतात. एक-दीड इंचाची उंची ठेवा.

राहिला कंत्राटदाराच्या पैशांचा प्रश्न. भांडू नका, बोलावून घ्या. त्याच्यासमोर लाद्यांचे कोपरे उचला, किती लागल्यात आणि किती नाही ते दोघांनी मिळून बघा. गेटजवळचा मुरूम न फोडता, उतार न काढता लाद्या टाकल्या ही त्याच्या कामातली उणीव आहे. कडेचं वाळणं थोडं उन्हाचं आणि थोडं पाण्याच्या पद्धतीचं आहे, त्याचा दोष त्याच्यावर घालू नका. कोपरा त्यानं स्वतः दुरुस्त करून दिला, मेलेल्या लाद्या बदलून दिल्या, तर नव्या लाद्यांनी मूळ धरल्यावर उरलेले पैसे पूर्ण द्या, आधी नको. तो तयार नसेल तर पाव ब्रास मिश्रण, नव्या लाद्या आणि दोन गड्यांची दिवसाची मजुरी एवढी रक्कम वजा करा, उरलेली देऊन टाका आणि मृगाच्या आत ते काम दुसऱ्या माणसाकडून करून घ्या.